गाडी पारखायची ती दारापाशी: सांधे आखडलेल्या ज्येष्ठ चालकासाठी कुठली गाडी बरी

शोरूममध्ये ज्येष्ठ माणसाला गाडीत बसवतात, दार अलगद लावतात, एसी सुरू करतात आणि विचारतात, "कसं वाटतंय?" छानच वाटणार. पाठीला टेका आहे, समोर मोठी काच आहे, सगळं कोरं करकरीत आहे. खरी परीक्षा अर्ध्या तासाने सुरू होते, गाडी थांबल्यावर. तोवर खुबा आणि गुडघा आखडलेले असतात. एक पाय बाहेर निघतो, दुसरा स्टिअरिंगखाली अडकतो आणि हात धरायला काहीतरी शोधत दाराच्या काचेवर जातो. दार हलतं. तोल जातो तो इथे.

म्हणून इथे गाड्या जोखल्यात त्या आधी दारापाशी, मग सीटवर, मग पेडलवर आणि सगळ्यात शेवटी स्क्रीनवर. इंजिन आणि मायलेजवर लिहिणारे पुष्कळ आहेत. वयस्कर चालकाला गाडी नकोशी होते ती बहुतेक वेळा चढउतार नकोशी झाल्यामुळे. हात अजून स्टिअरिंगवर बसलेला असतो.

आधी टेप, मग टेस्ट ड्राइव्ह

साधा दोन मीटरचा टेप पुरतो. पहिलं माप माणसाचं घ्यायचं. रोजच्या वापरातली पादत्राणं घालून उभं राहिल्यावर जमिनीपासून मांडीच्या मध्यापर्यंत किती आणि कुल्ल्याखालच्या घडीपर्यंत किती, हे दोन आकडे लिहून ठेवा. सीटची उंची या दोहोंच्या मधे आली की माणूस सीटकडे पाठ करतो, जरासा वाकतो आणि टेकतो. १५५ ते १६० सेंमी उंचीच्या माणसासाठी हा पट्टा साधारण ५५ ते ७० सेंमीचा निघतो.

घरातली खुर्ची ४५ सेंमीची असते आणि तिच्यावरून उठता येतं, मग गाडीलाच ५५ कशाला? खुर्चीवरून उठताना पाय मागे घेऊन अंगाखाली आणता येतात आणि हात दोन्ही दांड्यांवर रेटता येतात. गाडीत सीट आणि जमीन यांच्यामध्ये दाराचा उंबरा येतो, त्यामुळे पावलं अंगापासून लांब टेकतात. रेटा द्यायला हाताखाली फारसं काही नसतं. ही कसर उंचीतूनच भरून काढावी लागते.

सीटची उंची मोजताना गादी हाताने नीट दाबून मोजा, कारण मऊ गादी अंगाच्या वजनाने ३ ते ५ सेंमी सहज दबते. सीट वरखाली होत असेल तर दोन्ही टोकांची मापं घ्या. त्यातही एक मेख आहे. काही स्वस्त गाड्यांत लिव्हर ओढल्यावर गादीचा फक्त मागचा भाग वर येतो, पुढची कड तिथेच राहते. माणूस पुढे घसरल्यासारखा बसतो आणि मांड्यांचा आधार जातो. कागदावर 'हाइट ॲडजस्टेबल' म्हटलं की काम झालं असं नाही, बाजूने वाकून गादी कशी उचलली जाते ते बघा.

दुसरं माप उंबऱ्याचं. त्याच्या बाहेरच्या कडेपासून सीटच्या कडेपर्यंत आडवं अंतर किती? ते जितकं जास्त, तितकं माणसाला मागे टेकण्याऐवजी मागे पडावं लागतं. रुंद बांध्याच्या एसयूव्हीत हे अंतर फसवतं. सीटची उंची अगदी मापात असते, पण तिथपर्यंत बूड पोचत नाही. मग आतल्या बाजूचा खड्डा बघा, म्हणजे उंबऱ्याच्या माथ्यापासून पाय ठेवायच्या फरशीपर्यंतची खोली. खड्डा खोल असेल तर आत जाताना पाय नुसता सोडला तरी चालतो, बाहेर येताना मात्र तेवढाच वर उचलावा लागतो, तोही बसल्या बसल्या. खुब्याचा सांधा बदललेल्यांना आणि पक्षाघातातून उठलेल्यांना नेमकं हेच जमत नाही. खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर डॉक्टर सुरुवातीचे आठवडे सांधा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका म्हणतात. बुटक्या सीटवर गुडघे खुब्याच्या वर जातात, म्हणजे तो नियम बसताक्षणी मोडतो.

सीटच्या कडेचे फुगवटेही हाताने चाचपा. स्पोर्ट्स कारसारखे उंच, टणक फुगवटे वळणावर अंग धरून ठेवतात, पण चढताना मांडी त्यांच्यावरून ओढावी लागते. ज्येष्ठ चालकाला सपाट सीटच बरी. कापड की लेदर, या प्रश्नाचं उत्तर थोडं वाकडं आहे. लेदरवर अंग सहज फिरतं, म्हणून चढउतार सोपा. चालवताना मात्र माणूस त्यावर खाली घसरत राहतो. कापड याच्या बरोबर उलटं. खुबा आणि कंबर दुखत असेल तर लेदर किंवा गुळगुळीत रेक्झिन, आणि बसल्यावर पाठ नीट मागे रेटून घ्यायची सवय.

दाराची गोष्ट वेगळी लिहावी इतकी आहे. बहुतेक गाड्यांची दारं ६० ते ७० अंश उघडतात. टाटाच्या अल्ट्रोज आणि पंचची दारं ९० अंश उघडतात आणि वॉकर सीटपर्यंत आणायचा असेल तर हा फरक मोठा आहे. पण दार पूर्ण उघडायला शेजारी जागाही हवी, आणि बसल्यावर ९० अंशांवर गेलेलं दार ओढून घ्यायला हातही तेवढा लांब लागतो. खांदा धरलेल्या माणसाला हे जमेनासं होतं. उपाय अगदी साधा आहे: दाराच्या आतल्या हँडलला मजबूत पट्टा बांधायचा. दोन दारांच्या कूपे प्रकारच्या गाड्यांकडे ढुंकूनही बघू नका, त्यांची दारं लांब आणि जड असतात. दार मधे थांबण्याचे टप्पे किती आहेत आणि ते किती घट्ट आहेत, हे उतारावर तपासा. उतारावर पुढचं तोंड वर करून उभी केलेली गाडी आपलं दार माणसाच्या नडगीवर आणून सोडते.

बाहेरचं हँडल हाताच्या मुठीत मावणारं, ओढायचं असावं. पत्र्यात बसवलेली सपाट हँडलं संधिवाताच्या बोटांना त्रासदायक. टेस्लाच्या मॉडेल ३ चं हँडल अंगठ्याने एका टोकाला दाबून मग दुसरं टोक ओढायचं असतं; बोटं सुजलेली असतील तर रोज दोनदा हे करून बघा म्हणजे कळेल.

कुठला प्रकार कसोटीला उतरतो

बुटकी सेडान: नाही. सीट ४५ ते ५२ सेंमीच्या आसपास, समोरचा खांब मागे झुकलेला आणि दाराची चौकट डोक्यावर उतरलेली. मान वाकत नसलेल्या माणसाला कपाळ चुकवून आत जाता येत नाही. आहे तीच सेडान ठेवायची असेल तर सीटवर टणक, पाचरीसारखी उशी ठेवून ५ सेंमी मिळवता येतात, पण मग डोकं छताला आणि मांड्या स्टिअरिंगला भिडतात. एकीकडे मिळवलं ते दुसरीकडे जातं.

उंच बांध्याची हॅचबॅक हा आमच्या मते सगळ्यात कमी चुकणारा पर्याय. सुझुकीच्या वॅगनआरने १९९३ मध्ये जपानमध्ये ही घडण लोकप्रिय केली: अंगणात कमी जागा खाणारी, पण छत उंच, बाजू जवळजवळ सरळ उभ्या आणि सीट ताठ बसवणारी. बाजू सरळ असल्यामुळे डोकं तिरकं न करता आत जाता येतं, उंबरा अरुंद असतो आणि चारही कोपरे आतून दिसतात. होंडा जॅझ, जी काही देशांत फिट नावाने विकली जाते, तिची आणखी एक खुबी आहे. तिची इंधनटाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागची फरशी खोल मिळते आणि काही मॉडेलमध्ये मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलून ठेवता येते. त्या जागेत घडी केलेला वॉकर उभा राहतो. चालकाला डिकीपर्यंत चालत जावं लागत नाही, मागचं दार उघडून वॉकर हाताशी येतो. एकट्याने फिरणाऱ्या माणसासाठी हा फायदा मायलेजपेक्षा मोठा आहे. या वर्गाची उणी बाजू म्हणजे वाऱ्याला डोलणं आणि हायवेवर जाणवणारा हलकेपणा.

छोटी क्रॉसओव्हर किंवा कॉम्पॅक्ट एसयूव्ही: बऱ्याचदा हो, पण टेप लावून. सीट ६० ते ६८ सेंमीवर मिळाली तर उत्तम. अडचण येते ती रुंद उंबऱ्याची आणि मागच्या अरुंद काचेची. डिझाइनच्या नावाखाली मागची बाजू इतकी उचललेली असते की खिडकीची कड खांद्याच्या वर जाते. मान वळत नाही आणि वळवली तरी पत्राच दिसतो. याला अपवाद म्हणून सुबारू फॉरेस्टरचं नाव नेहमी निघतं, आणि ते योग्यच आहे. काचा मोठ्या, खांब बारीक.

मोठी एसयूव्ही: उंच माणसाला कदाचित, बाकीच्यांना नाही. ७५ सेंमीच्या वरची सीट म्हणजे बसणं संपून चढणं सुरू झालं. विक्रेता मग पायरी बसवून देतो. पायरीने चढायला मदत होते हे खरं, पण उतरताना तीच पायरी पावलांना गाडीपासून आणखी लांब ढकलते, नडगी घासते, ओली असेल तर पाय सटकतो. पायरी लावायचीच असेल तर ती किमान पूर्ण पाऊल मावेल एवढी रुंद, खरबरीत पृष्ठभागाची आणि वर धरायला भक्कम हँडल असलेलीच घ्या.

व्हॅनवजा गाड्या, म्हणजे सित्रोएन बर्लिंगो किंवा रेनो कांगू यांसारख्या, दिसायला मालवाहू आणि वापरायला राजेशाही. बाजू उभ्या, छत डोक्याच्या बऱ्याच वर, मागची दारं सरकती, डिकीचा उंबरा खाली. व्हीलचेअरसकट माणूस आत घेण्यासाठी ज्या गाड्या मागून कापून रॅम्प लावून बदलल्या जातात, त्यांत या दोन्ही नेहमी असतात. पुढेमागे व्हीलचेअर लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आत्ताच इकडे वळणं शहाणपणाचं. फोर्डची बी-मॅक्स ही गाडी, जिच्यात पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब दारांतच बसवलेला होता, आता बनत नाही. जुन्या बाजारात मिळाली तर दारांची कुलपं आणि रबरं नीट तपासून मगच बोला.

इलेक्ट्रिक गाडी शांत असते, गिअर नसतो, सर्व्हिसिंग कमी, हे सगळं ज्येष्ठांच्या पथ्यावर पडतं. पण बॅटरी फरशीखाली असते. त्यामुळे अनेक मॉडेलमध्ये फरशी वर येते आणि सीट मात्र तिथेच राहते. बसल्यावर गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. लांबच्या प्रवासात कंबर बोलू लागते. बसल्यावर मांडी आणि गादी यांच्यामध्ये तळहात सहज सरकला तर ती गाडी त्या माणसाची नाही. दुसरी बाब चार्जिंगची. घरच्या चार्जरची केबल हलकी असते, पण रस्त्यावरच्या जलद चार्जरची जाड, ताठ आणि जड. ती दोन्ही हातांनी उचलून वळवावी लागते. नाडीची गाठ सोडतानाही ज्याची बोटं थरथरतात, त्याने फक्त घरी चार्ज करून भागेल एवढ्याच पल्ल्याचा विचार करावा.

'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं काय

डावा गुडघा गेला की क्लच नको, म्हणून ऑटोमॅटिक, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्या एका शब्दाखाली चार वेगळ्या जाती विकल्या जातात. एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर यंत्राने क्लच दाबणारी जोड. स्वस्त असते, पण गिअर बदलताना किंचित थांबते. त्या थांबण्याला घाबरून चालक आणखी ॲक्सिलरेटर देतो आणि गाडी झेप घेते. चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय (हिल होल्ड) नसेल तर ती मागेही सरकते. पावलाची संवेदना कमी झालेल्या माणसाला, मधुमेहींमध्ये हे वारंवार दिसतं, एएमटी देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे पोचवणारी) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) या दोन्ही ब्रेक सोडल्यावर आपोआप, हळू आणि एकसारख्या पुढे सरकतात. पार्किंग निव्वळ ब्रेकवर करता येतं, ॲक्सिलरेटरला पाय लावायची गरज पडत नाही. ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने वापरणारी) वेगात गुळगुळीत चालते, पण खोळंबलेल्या गर्दीत तासभर सरकत राहिली की काही गाड्यांत थरथरते आणि तापते.

ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जाणं, हा या वयातला सगळ्यात गंभीर धोका. तो बहुधा गाडी सुरू करताना किंवा मागे घेताना घडतो आणि त्यामागे एक साधं यांत्रिक कारण असतं. मागे बघायला माणूस कमरेतून वळतो, त्याबरोबर खुबा फिरतो आणि टाच आपली जागा सोडते. समोर वळून घाईने 'ब्रेक' दाबला जातो, तो ॲक्सिलरेटर असतो. गाडी उसळते, तेव्हा तो पाय आणखी जोराने दाबतो कारण मेंदूच्या हिशोबी तो ब्रेकवरच आहे. म्हणून मागचा कॅमेरा ही चैनीची वस्तू धरू नये. तो कमरेतून वळण्याची गरज कमी करतो आणि टाच जागेवर ठेवतो.

जपानमध्ये या चुकीवर सगळ्यात जास्त काम झालं आहे. टोयोटाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रियस आणि ॲक्वा या आधीच विकलेल्या गाड्यांना बाहेरून बसवता येणारं उपकरण आणलं, जे समोर किंवा मागे अडथळा असताना ॲक्सिलरेटर जोराने दाबला तरी गाडीची झेप रोखतं. सप्टेंबर २०२८ पासून तिथे नव्या ऑटोमॅटिक मॉडेलना अशी यंत्रणा सक्तीची होणार आहे. नवी गाडी घेताना विक्रेत्याला 'ऑटोमॅटिक ब्रेक आहे का' एवढंच विचारून थांबू नका. 'उभ्या गाडीत चुकून ॲक्सिलरेटर दाबला तर रोखते का, आणि रिव्हर्समध्येही रोखते का' असं विचारा. दोन्ही वेगळ्या यंत्रणा आहेत.

पेडल तपासायची रीत अशी. टाच ब्रेकच्या बरोबर खाली टेकवायची आणि टाच न उचलता पाऊल फिरवून ॲक्सिलरेटरवर न्यायचं. हे जमत नसेल, टाच उचलावीच लागत असेल, तर सीट लांब आहे किंवा पेडलची मांडणी त्या पायाला परकी आहे. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा वर असतो. तो फारच वर असेल तर पाय उचलताना बुटाची कड त्याखाली अडकते. परीक्षा घेताना जाड तळव्याचे बूट नकोत. पातळ, सपाट, टाचेला बंद असलेले बूट हवेत. मागून मोकळी चप्पल घालून गाडी चालवूच नये.

इलेक्ट्रिक गाड्यांतल्या एका पेडलवर चालवायच्या सोयीबद्दल, निसानने लीफमध्ये २०१७ पासून दिलेल्या ई-पेडलसारख्या, दुमत आहे. पाय कमी हलतो हे खरं. पण थांबायलाही ॲक्सिलरेटरच सैल सोडायचा, ही सवय चाळीस वर्षं ब्रेक दाबलेल्या पायाला लावताना संकटाच्या क्षणी गोंधळ होऊ शकतो. आम्ही तो मोड बंद ठेवायला सांगू. विजेवरचा हँडब्रेक आणि सिग्नलवर ब्रेक आपोआप धरून ठेवणारा ऑटो होल्ड मात्र नक्की घ्यावा. हात आणि पाय दोन्ही वाचतात.

बसल्यावर

स्टिअरिंग वरखाली आणि पुढेमागे, दोन्ही व्हायला हवं. नुसतं वरखाली होणारं पुरत नाही. ज्येष्ठ चालक उंचीने कमी झालेले असतात, पेडल गाठायला सीट पुढे घेतात आणि छाती स्टिअरिंगला जाऊन भिडते. एअरबॅग फुटते तेव्हा छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंमी हवेत. अमेरिकेत ज्येष्ठांना गाडीत नीट बसवून देणारा कारफिट नावाचा उपक्रम चालतो, त्यातही हेच माप वापरतात. त्याच्या जोडीने दुसरं माप असं की नजर स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा किमान ७.५ सेंमी वरून जायला हवी. पाठीला बाक आलेल्या माणसाला ही दोन्ही मापं एकत्र जमवणं सगळ्यात अवघड, आणि ती जमली नाहीत तर बाकी कितीही सोयी असोत, गाडी नाकारायची.

पट्ट्याचं कुलूप सीटवर ताठ उभं राहणारं असावं. पट्टीला लोंबणारं कुलूप गादीत रुततं आणि दुसऱ्या हाताने चाचपडावं लागतं. लाल बटण अंगठ्याने दाबून सुटतं का, ते त्याच माणसाला करून बघू द्या. खांद्यावरचा पट्टा वरखाली होणारा नसेल तर बुटक्या माणसाच्या तो गळ्यावर येतो आणि मग तो काखेखालून घेतला जातो, जे घातक आहे. वयस्कर बरगड्या लवकर मोडतात. पट्टा आधी आवळणारी आणि नंतर ताण मर्यादित ठेवणारी यंत्रणा दोन्ही आहेत का ते विचारा. डोक्यामागची उशी किमान कानांच्या वरच्या टोकापर्यंत यावी.

मान वळत नसेल तर ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या भागातल्या वाहनाचा, दिवा आणि मागून आडवं येणाऱ्या वाहनाचा इशारा, या दोनच गोष्टींसाठी वरचं मॉडेल घ्यायला हरकत नाही. लेन धरून ठेवणारी यंत्रणा स्टिअरिंग ओढते; कमकुवत मनगटाला वाटतं, गाडी हातातून निसटली. तिचा नुसता इशारा ठेवता येतो का, ते बघा. आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचा ५ सेंमीचा बहिर्गोल आरसा वरचं मॉडेल न घेताही बरंच काम करतो.

डोळ्यांबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा: साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणून राखाडी पडद्यावरचे बारीक निळे आकडे नकोत. एसी, काच पुसणं आणि दिवे यांची खरी, हाताला लागणारी बटणं हवीत. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं किंवा दांड्या असल्याशिवाय पूर्ण गुण देणं थांबवलं आहे. काळा पोलराइज्ड चष्मा वापरणाऱ्याने तो घालूनच स्क्रीन बघावी. काही स्क्रीन त्यातून काळ्याठिक्कर दिसतात आणि काचेवर उमटणारा वेग तर नाहीसाच होतो.

डिकी

साध्या घडीच्या व्हीलचेअरचं मागचं चाक ६१ सेंमी व्यासाचं असतं, वजन १५ ते १८ किलो. डिकीच्या तोंडाची उंची किंवा रुंदी त्यापेक्षा कमी असेल तर चाकं काढावी लागतात. तोंडाची कड जमिनीपासून ६० ते ६५ सेंमी ठीक. त्याहून वर असेल तर वजन कमरेने उचललं जातं. कडेच्या आत आणखी खड्डा नसावा. वर गेलेलं डिकीचं दार हाताला येतं का, तेही बघा.

बाजारातली मलमपट्टी

दाराच्या चौकटीवर कुलूप अडकतं ती पोलादी यू-कडी असते. तिच्यात अडकवायचं हँडल मिळतं आणि ते आमच्या यादीत सगळ्यात वर आहे. उतरताना दाराऐवजी त्यावर भार पडतो, आणि ते हलत नाही. कडीचा आकार काही गाड्यांत वेगळा असतो, आधी बसवून बघा. दार लावण्यापूर्वी ते काढायचं विसरलात तर दार आणि हँडल दोघांचंही नुकसान.

गोल फिरणारी उशी जपून. चढताना सुखाची, पण तिच्यावर बसून चालवू नये. ती गादीवर सरकते, अपघातात माणूस पट्ट्याखालून पुढे निसटू शकतो. त्याऐवजी गुळगुळीत कापड ठेवून बसावं, वळून झालं की ते ओढून काढावं. जाड सीटकव्हरांतही असाच धोका आहे: सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर कव्हरने तिची वाट अडते.

उजवा पाय कामातून गेला असेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो. तो परवानाधारक फिटरकडूनच बसवावा, घडी घालून बाजूला करता येणारा असावा आणि एक वापरात असताना दुसरा बंद राहील अशी सोय असावी. घरातलं दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर हे विशेष महत्त्वाचं. परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवताना गुडघ्याजवळची एअरबॅग कुठे आहे ते फिटरला आधी विचारा.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायची ती अशी

दुपारी जेवणानंतर नको, सकाळी सांधे सर्वांत आखडलेले असताना न्या. वॉकर, काठी, रोजचे बूट आणि चष्मे सोबत. पहिल्यांदा गाडी न चालवता पाच वेळा बसून उतरा. पाठ सीटकडे, आधी बैठक, मग दोन्ही पाय एकत्र आत. पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, ते मोजा. मग अर्धा तास चालवा, त्यात एक चढ, एक रिव्हर्स पार्किंग आणि एक गर्दीचा चौरस्ता घ्या. परत आल्यावर गाडी दुसऱ्या गाडीपासून ६० सेंमीवर उभी करायला सांगा आणि तिथेच उतरायला लावा, विक्रेत्याचा हात न धरता. दार अर्धवट उघडलेल्या त्या फटीतून माणूस बाहेर आला, वॉकर हातात घेतला आणि पुन्हा आतही बसला, तर रंग कुठला घ्यायचा यावर बोलायला हरकत नाही.